हिंसाचारानंतरचे पहिले तास आणि पहिला महिना: नव्या मदतनीसांसाठी

जबर मारहाण, लूटमार, चाकूहल्ला, लैंगिक अत्याचार, अपहरण, घरातल्याच माणसाने केलेला जीवघेणा हल्ला. अशा प्रसंगातून नुकत्याच सुटलेल्या माणसाजवळ पहिल्यांदा बसायची वेळ येते, तेव्हा नव्या मदतनीसाच्या मनात एकच धास्ती असते: मी बोलू काय? ही धास्ती बाजूला ठेवा. त्या तासांत तुमच्या शब्दांना फार थोडं काम असतं. तुम्ही कुठे बसता, काय काय विचारून करता, दिलेला शब्द पाळता की नाही, यावर बरंच काही ठरतं.

हल्ल्याच्या वेळी त्या व्यक्तीच्या हातून सगळे निर्णय हिसकावून घेतलेले असतात. उभं राहायचं की खाली बसायचं, ओरडायचं की गप्प राहायचं, कधी हलायचं, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं असतं. नंतर मदतीला धावणारी माणसंही घाईघाईत तेच करतात: इकडे चला, हे पांघरा, इथे सही करा. हेतू चांगला असतो, पण पुन्हा एकदा दुसराच कुणीतरी ठरवत असतो. म्हणून या कामाचं सूत्र एवढंच धरा: जे जे ठरवणं त्या व्यक्तीला शक्य आहे ते तिलाच ठरवू द्यायचं, अगदी खुर्ची कुठल्या बाजूला हवी इथपासून. (‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी म्हणून पुढे ‘ती’ असं येईल. पुरुषांनाही हे सगळं तितकंच लागू आहे. ते मदत मागायला बऱ्याचदा उशिरा येतात, एवढंच.)

या कामाला मानसिक प्रथमोपचार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ सालच्या मार्गदर्शिकेत त्याचे तीन भाग सांगितले आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. हे उपचार नव्हेत आणि समुपदेशनही नव्हे. पडलेल्या माणसाचं हाड बसवायचा प्रयत्न न करता, त्याला हलताना आधार देऊन योग्य ठिकाणी पोचवावं, तसं हे काम आहे.

निघण्याआधी

बोलावणाऱ्याकडून चार गोष्टी विचारून घ्या. जखम आहे का आणि डॉक्टरांनी पाहिलं आहे का? हल्लेखोर पकडला गेला आहे की मोकळा आहे, की घरातलाच आहे? त्या व्यक्तीला कोणती भाषा नीट समजते? तिच्यावर अवलंबून असलेलं कुणी, म्हणजे मूल, वृद्ध, आजारी माणूस, या क्षणी एकटं आहे का? दुभाषा लागणार असेल तर नातेवाइकाला त्या कामाला लावू नका. नवऱ्यासमोर किंवा आईसमोर जे बोलता येत नाही, ते त्यांच्या तोंडून दुसऱ्यापर्यंत पोचवणं तर त्याहून अशक्य.

पिशवीत ठेवायचं: सीलबंद पाण्याची बाटली, टिश्यू, शाल किंवा पातळ ब्लँकेट, सॅनिटरी पॅड, सपाता, फोनचा चार्जर, कोरे कागद आणि दोन पेनं. कपडे आणि पादत्राणं पुरावा म्हणून जप्त होतात, तेव्हा सपाता आणि शाल यांची किंमत कळते. सोबत तुमच्या भागातल्या सेवांचे फोन क्रमांक असावेत आणि ते त्या आठवड्यात स्वतः लावून तपासलेले असावेत. बंद पडलेला हेल्पलाइन क्रमांक हातात दिला, तर ती व्यक्ती दुसरा क्रमांक मागायला येत नाही.

गोपनीयतेचा नियमही आधीच माहीत करून घ्या. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन कधी देऊ नका. मुलाला धोका असेल किंवा कुणाच्या जिवावर बेतणार असेल, तर बहुतेक ठिकाणी तुम्हाला ते कळवावं लागतं. ही मर्यादा बोलणं सुरू होण्याआधी सांगितली तर विश्वास टिकतो. अर्ध्यात सांगितली तर तो विश्वासघात वाटतो.

आधी शरीर

मनाला धीर द्यायच्या घाईत शरीराकडे दुर्लक्ष होतं, ही नव्यांची पहिली चूक. शरीरात भीतीचं रसायन उसळलेलं असतं तोवर वेदना जाणवत नाहीत. ‘मला काही झालं नाही’ हे वाक्य वैद्यकीय मत समजू नका. डोक्याला मार लागला असेल आणि उलटी, गुंगी किंवा गोंधळ दिसत असेल, तर बोलणं थांबवा आणि तातडीने डॉक्टर गाठा.

गळा दाबला होता का, हे स्पष्टपणे विचारा. लोक ते आपणहून सांगत नाहीत, कारण बाहेर बहुधा खूण दिसत नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, थोडा वेळ शुद्ध हरपणं, लघवी होऊन जाणं, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी तपासणी हवी. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल, तर काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. शिवाय जोडीदाराने गळा दाबला असेल, तर पुढच्या हल्ल्यात जीव जाण्याचा धोका बराच वाढलेला असतो. असं घर त्या रात्रीसाठी सुरक्षित धरू नका.

लैंगिक अत्याचारात वेळेला फार महत्त्व आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. गर्भधारणा टाळण्याच्या गोळ्या ५ दिवसांपर्यंत देता येतात, पण दर दिवसागणिक त्यांचा उपयोग कमी होत जातो. पोलिसांत तक्रार करायची की नाही हे ठरलेलं नसलं तरी औषधोपचार थांबवायचे नसतात, हे तिला वेगळं सांगा. अनेकांच्या डोक्यात या दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात.

पुरावा जपायचा असेल तर तपासणीआधी अंघोळ, दात घासणं, कपडे धुणं शक्यतो टाळावं. काढलेले कपडे कागदी पिशवीत, प्रत्येक कपडा वेगळा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो. तोंडावाटे अत्याचार झाल्याची शक्यता असेल तर पाणी पुढे करण्याआधी तोंडातला नमुना घ्यायचा आहे का हे विचारा. पाण्याचा पेला पुढे करणं ही आपली पहिली कृती असते आणि नेमकी तीच इथे घात करते. अर्थात तिला तहान असह्य झाली असेल किंवा अंघोळ केल्याशिवाय राहवत नसेल, तर ते तिनं ठरवायचं. तुम्ही परिणाम सांगायचे, अडवायचं नाही. आणि अंघोळ होऊन गेली असेल तर ‘अरेरे’ म्हणू नका. तपासणीचा उपयोग तरीही असतो.

पहिली दहा मिनिटं

दार आणि ती व्यक्ती यांच्या मध्ये बसू नका. तिला बाहेरची वाट दिसली पाहिजे. समोरासमोर नको, थोडं तिरकं, हातभर अंतर सोडून, आणि तुमचे डोळे तिच्या डोळ्यांच्या उंचीला किंवा थोडे खाली. उभं राहून बोललात तर तुम्ही कितीही हळू बोला, वरूनच बोलता. पाठीमागून जाऊ नका. खांद्यावर हात ठेवायचा असेल तर आधी विचारा. न विचारता केलेला प्रेमाचा स्पर्शसुद्धा त्या दिवशी हल्ल्यासारखा वाटू शकतो.

सुरुवात साधी असू द्या: ‘माझं नाव अमुक. मी पोलीस नाही, डॉक्टर नाही. तुमच्यासोबत थांबायला आले आहे. तुम्हाला चालेल का?’ उत्तराला वेळ द्या. मग: ‘आत्ता या घडीला सगळ्यात जास्त कशाची काळजी वाटते आहे?’ हा एक प्रश्न बाकी दहा प्रश्नांपेक्षा उपयोगी आहे.

डोळ्यांसमोर आणा. रुग्णालयाच्या बाकावर एक माणूस बसला आहे. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. हातातल्या रिकाम्या कागदी पेल्याची कड तो नखाने सोलत चालला आहे. ‘माझ्या चाव्या कुठे आहेत?’ हे तो तिसऱ्यांदा विचारतो. नवा मदतनीस म्हणतो, ‘चाव्यांचं सोडा हो, तुम्ही वाचलात हे महत्त्वाचं.’ माणूस गप्प होतो. चाव्या पिशवीत होत्या, पिशवी लुटारूंनी नेली, त्याच पिशवीत घराचा पत्ता असलेलं ओळखपत्र आहे, आणि घरी बायको एकटी आहे. इतकं सगळं त्या एका प्रश्नात होतं. पुन्हा पुन्हा विचारलेली क्षुल्लक गोष्ट उडवून लावू नका. बरोबर उत्तर असं: ‘चाव्या सापडलेल्या नाहीत. त्या दुसऱ्याच्या हाती लागल्या तर काय होईल, अशी भीती वाटते आहे का?’ आणि मग, कुलूप बदलायला कुणाला फोन लावायचा, ते ठरवायचं.

काय दिसेल याची एकच प्रतिमा मनात धरून जाऊ नका. ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी १९७४ मध्येच नोंदवलं होतं की बलात्कारानंतर काही स्त्रिया रडतात, थरथरतात, अस्वस्थ होतात, तर काही अगदी शांत, आवरलेल्या दिसतात. दुसऱ्या प्रकारावर आजही संशय घेतला जातो. हसू फुटणं, जांभया येणं, तपशील सपाट आवाजात सांगणं, क्रम चुकणं, एखादा भाग अजिबात न आठवणं, हे सगळं अशा वेळी होतं.

‘मी ओरडले का नाही, पळाले का नाही’ ही बोचणी सगळ्यात खोल रुतते. याला ठोस उत्तर आहे. टोकाच्या भीतीत शरीर आपोआप गोठतं, हातपाय आणि आवाज काही वेळ हुकमात राहत नाहीत. स्वीडनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बलात्कारानंतर तातडीच्या मदतकेंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्क्यांनी असं लक्षणीय गोठणं अनुभवलं होतं. म्हणून सांगा: ‘तुम्ही काही केलं नाही असं नाही. तुमचं शरीरच गोठलं, तुम्हाला न विचारता.’

थरकाप थांबत नसेल तर

‘दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला घाबरलेल्या माणसाला बऱ्याचदा उलटा पडतो. तो आधीच भराभर हवा ओढत असतो. आणखी खोल ओढली की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि आता हृदयच बंद पडणार असं वाटून घबराट वाढते. भर श्वास सोडण्यावर हवा. चार आकडे मोजत नाकाने आत, सहा मोजत ओठांचा चंबू करून बाहेर, असं दोन-तीन मिनिटं. तुम्ही स्वतः तसा श्वास घ्या, थोडा ऐकू येईल असा. ती आपोआप तुमच्या लयीत येते.

गळा दाबला गेलेल्या, छातीला मार लागलेल्या किंवा तोंड दाबलं गेलेल्या माणसाला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगू नका. तिथे पायांपासून सुरू करा. तळपाय जमिनीवर टेकवून तीनदा जोराने दाबायला सांगा. मग हाताखालच्या खुर्चीचा स्पर्श कसा आहे, खरखरीत की गुळगुळीत. मग डोळ्यांना दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं, कानावर येणारे तीन आवाज. डोळे उघडेच ठेवायचे. मिटले की तेच दृश्य समोर येतं.

नजर शून्यात लागली, हाकेला उत्तर येत नाही, म्हणजे ती मनाने अजून त्या जागी आहे. हलवून जागं करायला जाऊ नका. थोडा ठाम आवाज करून तिचं नाव घ्या आणि सांगा: आज कोणता वार आहे, आपण कोणत्या जागी आहोत, मी कोण, दार कुठे आहे, तो माणूस इथे नाही. हे शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोला. ‘आता काही होणार नाही’ हे तर कधीच नको, कारण ते तुमच्या हातात नाही.

ऐका, उकरू नका

इथे बराच काळ चांगल्या हेतूने चूक होत होती, म्हणून थोडं सविस्तर. १९८० च्या दशकापासून अशी पद्धत रूढ झाली की घटनेनंतर काही दिवसांत माणसाला बसवून सगळा प्रसंग भावनांसकट सांगायला लावायचा, म्हणजे ‘मन मोकळं’ होईल आणि पुढचा आजार टळेल. प्रत्यक्षात तसं झालं नाही. ब्रिटनमधल्या, भाजलेल्या रुग्णांच्या १९९७ च्या अभ्यासात अशी एक बैठक घेतलेल्यांपैकी २६ टक्के लोकांना १३ महिन्यांनी आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर महिन्याहून जास्त टिकणारा तीव्र मानसिक त्रास) होता, न घेतलेल्यांत तो ९ टक्के होता. बैठक झालेल्या गटातल्यांचा आघात मुळातच थोडा जास्त तीव्र होता हे खरं, पण इतर अभ्यासही त्याच दिशेचे निघाले. ते सगळे एकत्र तपासून कॉक्रन (वैद्यकीय अभ्यास एकत्र पडताळणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढाव्याने २००२ मध्ये शिफारस केली की सक्तीच्या अशा एकवेळच्या बैठका बंद कराव्यात.

कारण समजण्यासारखं आहे. पहिल्या दिवसांत शरीर अजून धोक्याच्या ताणात असतं. त्या अवस्थेत प्रसंग बारीकसारीक तपशिलांसह पुन्हा जगायला लावला आणि तासाभराने माणसाला घरी पाठवलं, तर जखम उघडून वर काहीच न बांधता सोडल्यासारखं होतं.

याचा अर्थ बोलायला मनाई करायची असा मुळीच नाही. तिला सांगायचं असेल तर ऐका, जितकं आणि ज्या क्रमाने येईल तितकं. तुम्ही मात्र ‘मग पुढे?’, ‘नेमकं कुठे?’, ‘त्याचा चेहरा कसा होता?’ असे प्रश्न टाकायचे नाहीत. त्यातून तपासालाही बाधा येते: तुमच्या प्रश्नातला शब्द तिच्या आठवणीत मिसळतो आणि पुढे उलटतपासणीत तोच धरला जातो. सांगता सांगता श्वास वाढला, शब्द अडखळले, नजर हरवली, तर थांबवा: ‘इथे जरा थांबू या. बाकीचं कधीही सांगता येईल, नाही सांगितलं तरी चालेल.’ आणि पायांकडे लक्ष न्या.

बोलण्यातले काही सापळे. ‘मला कळतं तुम्हाला काय वाटतंय’ (कळत नाही). ‘नशीब, याहून वाईट झालं नाही.’ ‘देवाची इच्छा.’ ‘तुम्ही खंबीर आहात’ (म्हणजे आता कोसळायची सोय उरली नाही). ‘इतक्या रात्री तिकडे का गेलात?’ यातला ‘का’ पूर्ण टाळा. उत्सुकतेने विचारलेला ‘का’सुद्धा आरोपासारखा लागतो. त्याऐवजी: ‘जे झालं ते चूक होतं, आणि ती चूक करणाऱ्याची आहे.’ ‘तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत.’ एवढं पुरे. शांतता पडली तर पडू द्या. ती भरून काढायची गरज तुमची असते, तिची नसते.

पुढे काय होईल ते सांगा, आणि लिहून द्या

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रात्री झोपेतून किंचाळत उठलं की माणसाला वाटतं, आपल्याला वेड लागतंय. ही भीती आदल्या दिवशी दोन मिनिटांत कमी करता येते. सांगा की पहिले काही आठवडे प्रसंग अचानक डोळ्यांसमोर उभा राहणं, स्वप्नं, आवाजाला दचकणं, चिडचिड, लक्ष न लागणं, ती जागा किंवा तसा वास टाळावासा वाटणं, सगळं बधिर वाटणं, हे येऊ शकतं. बहुतेकांचं हळूहळू उतरतं. १९९२ च्या एका अमेरिकी अभ्यासात बलात्कारानंतर सरासरी १२ दिवसांनी ९४ टक्के स्त्रियांत आघातोत्तर तणाव विकाराचे लक्षणांचे निकष पूर्ण होत होते, आणि तीन महिन्यांनी तो आकडा ४७ टक्क्यांवर आला. यातून दोन्ही गोष्टी घ्या: सुरुवातीचा त्रास जवळजवळ सगळ्यांना होतो, आणि बऱ्याच जणांना पुढे उपचार लागतातच. ‘आपोआप बरं होईल’ हे अर्धच खरं.

तुम्ही सांगितलेलं त्या दिवशी डोक्यात राहत नाही, म्हणून कागद. एका पानावर मोठ्या अक्षरात, जास्तीत जास्त सहा-सात ओळी: तुमचं नाव, तक्रारीचा क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचं नाव, पुढची वैद्यकीय तारीख, औषधांच्या वेळा, रात्री-अपरात्री लावायचा क्रमांक, तुमचा पुढचा फोन कधी. हल्लेखोर घरातलाच असेल तर असा कागद तिच्याजवळ सापडणं धोक्याचं आहे. तिथे क्रमांक कुठे आणि कोणत्या नावाने ठेवायचा, हे तिलाच विचारा. फोनवरून तिचा माग काढला जातो का, हेही.

पुढचे चोवीस तास

मोठी योजना नको. ‘उद्या याच वेळेपर्यंत काय काय व्हायला हवं?’ असं विचारून तीन कामं ठरवा, त्यातलं निदान एक तिनं स्वतः करायचं, मग ते एक फोन करण्याइतकं लहान असलं तरी. सगळं तुम्हीच उरकलंत तर तिला हलकं वाटेल, पण आपण कुचकामी झालो हेही वाटेल. बहुधा लागणारी कामं अशी: आज रात्री कुठे आणि कुणाबरोबर झोपायचं, कुलूप, बँक कार्ड आणि सिम बंद करणं, मुलाला शाळेतून कोण आणणार, कामाच्या ठिकाणी काय कळवायचं आणि काय नाही. या शेवटच्याचं एक वाक्य आधीच ठरवून द्या, कारण उद्या दहा जण विचारतील.

जवळची माणसं हा पुढच्या काळातला सगळ्यात मोठा आधार. २००० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा आधाराचा अभाव हा आघातोत्तर विकाराच्या ठळक कारणांपैकी एक निघाला. पण आधार कोण, हे तिनं सांगायचं. ‘कोण जवळ असलं की बरं वाटतं?’ असं विचारा. आई, नवरा, भाऊ हे गृहीत धरू नका. मग तिच्या परवानगीने त्या माणसाशी पाच मिनिटं वेगळं बोला. घरच्यांच्या नेहमीच्या चुका तीन: सूडाची भाषा (आता तिला त्यांनाही आवरावं लागतं), सतत पहारा, आणि विषयच न काढणं, जणू काही घडलंच नाही. त्यांना सांगा की जेवण, झोप आणि सोबत सांभाळा, ती बोलली तर ऐका, आणि दार उघडं ठेवायचं की बंद हे तिला ठरवू द्या.

झोप उडणं अपेक्षित आहे. पहिल्या काही रात्री दिवा चालू ठेवला तरी चालतो. दारू नको: झोप लागते पण तुटक लागते आणि स्वप्नं वाढतात. झोपेच्या आणि भीतीच्या बेंझोडायझेपिन प्रकारच्या गोळ्या पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांसाठी देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाची गोळी ‘अर्धी घे’ म्हणून दिली जाते, ती थांबवा.

मूल असेल, किंवा घरातलं कुणी मारलं गेलं असेल

मुलं प्रसंग शब्दांत सांगत नाहीत. अंथरूण ओलं होणं, चिकटून राहणं, तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळणं, यातून ते दिसतं. खोटं सांगू नका, लहान खरं सांगा: ‘आईला एका माणसाने मारलं. डॉक्टर तिला बरं करत आहेत. तुझ्यामुळे झालं नाही.’ शेवटचं वाक्य मुलाने विचारलं नाही तरी म्हणायचंच. घटनेची चौकशी मुलाशी बोलायला प्रशिक्षित माणसानेच करावी. तुम्ही एकही सूचक प्रश्न विचारू नये.

खुनाची बातमी द्यायची असेल तर प्रत्यक्ष भेटून, बसवून, पहिल्या दोन वाक्यांत द्या, आणि ‘मृत्यू झाला’ असेच शब्द वापरा. ‘ते राहिले नाहीत’, ‘गेले’ अशा शब्दांना काही जण आशेने चिकटतात. मृतदेह पाहायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. पाहण्याआधी चेहरा कसा दिसतो आहे, कुठे पट्टी आहे, स्पर्श करता येईल का, हे तुम्ही आत जाऊन पाहून सांगा.

चौथ्या आठवड्यापर्यंत

इथे बहुतेक मदत तुटते. पहिल्या दिवशी पाच जण असतात, दहाव्या दिवशी कुणी नसतं. तीन फोन वहीत तारखेसह लिहून ठेवा: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, चार आठवड्यांनी. ‘काही लागलं तर फोन करा’ यावर विसंबू नका. टाळणं हेच या त्रासाचं लक्षण आहे, त्यामुळे ज्याला जास्त गरज तो सगळ्यात कमी फोन करतो. दोनदा उचलला नाही तर एक छोटा संदेश ठेवा: उत्तर द्यायची सक्ती नाही, अमुक वारी पुन्हा लावीन. आणि त्या वारी लावा.

चौथ्या आठवड्याच्या बोलण्यात २००२ साली तयार झालेली दहा प्रश्नांची चाळणी उपयोगी पडते. ती रेल्वे अपघातातून वाचलेल्यांवर बनली आणि नंतर गुन्ह्यांच्या पीडितांवर तपासली गेली. नकोशा आठवणी, स्वप्नं, प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं, झोप, चिडचिड, दचकणं अशा गोष्टी गेल्या आठवड्यात निदान दोनदा झाल्या का, हो किंवा नाही. सहा किंवा जास्त ‘हो’ आले तर तज्ज्ञाकडे पाठवायचं. पहिल्या आठवड्यात ही चाळणी लावू नका, सगळेच ‘हो’ म्हणतील. ती निदान करत नाही, फक्त कुणाला पुढे पाठवायचं ते सांगते. आघातोत्तर तणाव विकाराचं निदान महिना उलटल्यावरच होतं. तीन दिवसांपासून महिन्यापर्यंतच्या तीव्र त्रासाला तीव्र तणाव विकार म्हणतात आणि त्यावरही उपचार आहेत.

पाठवताना कुठे आणि कशासाठी ते स्पष्ट सांगा. आघातावर केंद्रित बोधवर्तन उपचारपद्धती (विचार आणि वागणं यांवर काम करणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी) या दोन पद्धतींना चांगला पुरावा आहे, आणि साधारण ८ ते १२ बैठका लागतात. तिथे प्रसंगाबद्दल बोलावं लागतंच, पण तयारीनिशी, तिच्या गतीने, बैठकीमागून बैठक. पहिल्या दिवशीच्या उकरण्याशी त्याचं काही नातं नाही.

महिन्याची वाट न पाहता लगेच पाठवायची वेळ म्हणजे: अनेक दिवस खाणं-पिणं किंवा झोप पूर्ण बंद, लहान मुलाची देखभाल होत नाही, रोज दारू, वारंवार हरवलेली नजर, दुसऱ्याला मारण्याचा ठाम बेत, किंवा मरणाचे विचार. हे शेवटचं सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरत नाही, उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल तर पुढचा प्रश्न: कसं करायचं ते ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का? बेत आणि साधन दोन्ही असतील तर एकटं सोडायचं नाही, साधन दूर करायचं आणि त्याच दिवशी तातडीच्या मानसिक आरोग्य सेवेत घेऊन जायचं.

तुमच्या स्वतःच्या मनावरही याचा थर चढतो. दुसऱ्याचं दृश्य तुमच्या झोपेत यायला लागलं, रस्त्यातल्या प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहायला लागलात, तर पर्यवेक्षकाला त्याच आठवड्यात सांगा. लागोपाठ दोन गंभीर प्रकरणं घेऊ नका.

प्रकरण दुसऱ्याकडे सोपवताना तिची गोष्ट पुन्हा तिच्याकडून सांगवून घेतली जाणार नाही, एवढं टिपण पक्कं हवं: काय घडलं ते तीन-चार ओळींत, काय बोललेलं तिला झेपत नाही, कशाने शांत होते, काय ठरलं, काय राहिलं. टिपण पाठवण्याआधी तिला वाचून दाखवा. काय काढायचं ते ती सांगेल.

आणि खटल्याची तारीख वहीत लिहून ठेवा. समन्स हातात पडलं की महिनोन्‌महिने शांत असलेली लक्षणं परत येतात, हे तिला आधीच सांगून ठेवा. न्यायालयात वेगळ्या खोलीत बसता येतं का, आरोपी कोणत्या दाराने येतो, सोबत कोण आत येऊ शकतं, हे तुम्ही आदल्या आठवड्यात विचारून या, शक्य असेल तर तिला रिकामं दालन दाखवून आणा. सुनावणी पुढे ढकलली जाणं नेहमीचंच आहे. गोळा केलेलं सगळं बळ त्या दिवशी हकनाक खर्च होतं आणि ती रिकाम्या हाताने घरी येते. त्या संध्याकाळचा फोन चुकवू नका.